सहा हजार किलोमीटरची वसाहत

अर्जेंटिनी मुंगी जेमतेम अडीच मिलिमीटर लांब. तिची दक्षिण युरोपातली एकच वसाहत मात्र इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत ६,००० किलोमीटर पसरली आहे. एवढ्या अंतरात २४० कोटी मुंग्या एकीमागे एक उभ्या राहतील. तितकीच माणसं डोक्याला पाय लावून आडवी झोपली, तर रांग ४० लाख किलोमीटरची होईल, चंद्राच्या अंतराच्या दहापटीहून जास्त.

ही वसाहत ‘एक’ कशावरून? जीवशास्त्रज्ञ लोरां केलर आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये ३३ ठिकाणच्या मुंग्यांच्या जोड्या लावून पाहिल्या. त्यांपैकी ३० ठिकाणच्या मुंग्या, बिळं कितीही दूरची असोत, आपसात कधीच भांडल्या नाहीत. उरलेल्या ३ ठिकाणच्या मुंग्या दुसऱ्या, कातालोनियातल्या वसाहतीच्या निघाल्या. दोन वसाहतींच्या मुंग्या समोरासमोर आल्या की जीव जाईपर्यंत झुंजल्या.

हा निवाडा वासावर होतो. मुंगीच्या अंगावरच्या मेणचट थरातली हायड्रोकार्बनं जुळली की ती आपली. मूळ मुलखात, पाराना नदीच्या खोऱ्यात, एकेक वसाहत फार तर काही शे मीटरची असते आणि चहूबाजूंनी शत्रू असतात. जहाजांतून परदेशी पोचलेल्या मोजक्या वसाहतींना असे शेजारी नव्हते. त्या वाढतच गेल्या.

उत्क्रांतीचे अभ्यासक विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४मध्ये मांडलं, की जीव आपल्या रक्ताच्या नात्यासाठी झिजतो. पण इथे एकेका बिळात अनेक राण्या असतात आणि शेजारी राबणाऱ्या दोघींचं नातं जवळपास शून्यावर येतं. तरीही त्या अन्न वाटून घेतात, एकमेकींची पिल्लं सांभाळतात. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना हे कोडं अजून खुणावतं आहे.

कॅलिफोर्नियात अशीच एक महावसाहत सॅन फ्रान्सिस्कोपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत पसरली आहे. सॅन दिएगोजवळ तिची हद्द दुसऱ्या वसाहतीला भिडते. तिथे सहा महिन्यांत सुमारे दीड कोटी मुंग्या मेल्याचा अंदाज २००६मध्ये प्रसिद्ध झाला. दर सेकंदाला जवळजवळ एक.

पुढे २००९मध्ये आणखी थक्क करणारी गोष्ट कळली. युरोप, कॅलिफोर्निया आणि जपान इथल्या सर्वांत मोठ्या वसाहतींच्या मुंग्या एकत्र आणल्या, तर त्या एकमेकींना आपलं मानतात. जपानची मुंगी युरोपातल्या मुंगीला जवळ करते आणि सॅन दिएगोतली मुंगी काही पावलांवरच्या शेजारणीचा जीव घेते. कुणाला आपलं म्हणायचं याची रेघ जिथे पडते, तिथेच सहकार्य संपतं आणि युद्ध सुरू होतं.