गोड किती, यापेक्षा किती वेळा

दक्षिण स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाचे एक रुग्णालय होते. तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेली माणसे तिथे वर्षानुवर्षे राहत. दात का किडतात, याचा छडा लावण्यासाठी १९४५ मध्ये तिथे एक अभ्यास सुरू झाला. रुग्णांचे गट पाडले गेले. कोणाला जेवणाबरोबर साखरेचे पाणी मिळाले, कोणाला गोड पाव. काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळेत मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफी दिल्या गेल्या, एका गटाला तर दिवसाला २४. संमती कोणाचीही नव्हती. अनेकांचे दात कायमचे गेले.

१९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात त्या मानाने टिकले, टॉफी चघळणाऱ्यांचे झपाट्याने किडले. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे अधिक महत्त्वाचे ठरले. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेट फक्त शनिवारी देण्याची पद्धत यातूनच रुजली. जगभरातल्या मुलांच्या दातांना ज्याचा फायदा झाला, ते ज्ञान दिव्यांग माणसांच्या वेदनेतून आलेले आहे. आणि आज दातांवर वेळेत उपचार मिळणे सर्वाधिक अवघड जाते, ते दिव्यांग मुलांनाच. ही परिस्थिती बदलता येते आणि ती बदलायलाच हवी.

आधी कीड समजून घेऊ. दातांवरच्या थरात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जिवाणू राहतात. साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात. तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कवचातील, म्हणजे एनॅमलमधील, खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि खनिजे परत दातात भरते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुन्हा बिस्किट हातात आले, तर लाळेला सवडच मिळत नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे पुढचे दात आधी किडतात. दुधाच्या दातांचे एनॅमल पातळ असल्याने कीड लवकर आत शिरते.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे येणारी दाढ तर कायमची असते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

दिव्यांग मुलांमध्ये कीड लागण्याची क्रिया तीच असते, पण तिला वाव जास्त मिळतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला गिळणे जड जाते, घास गालात साठून राहतो, चूळ भरता येत नाही. स्वमग्न मुलाला ब्रशचा स्पर्श किंवा पेस्टची चव असह्य वाटू शकते. थेरपीत शाबासकी म्हणून चॉकलेट मिळते. औषधाचे रोजचे गोड सिरप अनेकदा झोपताना दिले जाते. फिट्सवरच्या फेनिटॉइनमुळे हिरड्या वाढू शकतात. डाऊन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात आणि हिरड्यांचे आजार लवकर गाठतात. डाऊन सिंड्रोमच्या अनेक मुलांना जन्मजात हृदयविकारही असतो, म्हणून दातांच्या उपचारांआधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो.

सगळ्यात कठीण असते ते न बोलणाऱ्या मुलाचे दुखणे. ते जेवण नाकारते, रात्री जागते, गालावर मारून घेते. घरचे आणि कधीकधी डॉक्टरही हा ‘स्वभाव’ किंवा ‘ऑटिझम’ म्हणून सोडून देतात. वागण्यात असा अचानक बदल दिसला तर आधी तोंडात टॉर्च मारून पाहावे.

घरी करण्यासारखे बरेच आहे. मुलाला मांडीवर डोके ठेवून झोपवावे किंवा मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या अंगाला टेकवावे. दात नीट दिसतात आणि हात स्थिर राहतो. ब्रशची मूठ पकडता येत नसेल तर तिच्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी घ्यावी. थुंकता न येणाऱ्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच लावून जास्तीची ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. सिरप साखरविरहित मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्यावे.

दवाखान्यातील उपचारही बदलले आहेत. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण छोट्या ब्रशने किडीवर लावले की अनेक दातांत कीड तिथेच थांबते. ड्रिल नाही, सुई नाही. किडलेला भाग काळा पडतो, हे मात्र आधीच सांगायला हवे. २०२१ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीत दुधाच्या किडक्या दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. कीड कोरावी लागत नाही, कारण अन्नच न मिळाल्याने ती थंडावते. लॉस एंजेलिसमधील बालरुग्णालयात स्वमग्न मुलांसाठी प्रखर दिवे मालवून, छतावर संथ हलती चित्रे दाखवून, मंद संगीत लावून दात साफ करण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांच्या शरीरावरचा ताण मोजून पाहिला, तेव्हा तो कमी झालेला आढळला. यात महागडे असे फारसे काही नाही.

पहिला दात आला की, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला दंतवैद्याकडे न्यावे. काही दुखत नसताना झालेली ओळख पुढे कामी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतील तपासणीत दातही पाहिले जातात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम २५ उपचारांत प्राधान्य देण्याची तरतूद करते. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना आहे. प्रत्येक दंत महाविद्यालयाला आठवड्यातील एक सकाळ, कमी गर्दीची आणि कमी आवाजाची, विशेष मुलांसाठी राखून ठेवता येईल. पालकांनी ती हक्काने मागावी, आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांनीही या मागणीला आपला आवाज जोडावा.