बडोदे नेमके किती दूर?

दाबोळी आणि बडोद्याचे हरणी येथील विमानतळ यांमधले सरळ रेषेतील अंतर सुमारे ७७५ किलोमीटर आहे. जेट विमानास ते तोडण्यास दीड तास पुरेसा होतो. हा हिशेब बिनचूक असला, तरी प्रवाशाच्या तो फारसा उपयोगी पडत नाही. कारण माणूस विमानतळावर राहत नाही, आणि त्यास जावयाचे असते तेही दुसऱ्या विमानतळावर नव्हे.

थेट विमान नसेल त्या दिवशी मुंबईत विमान बदलणे ओघानेच आले. मुंबई-बडोदे हवाई अंतर अवघे ३६० किलोमीटर, म्हणजे तासाभराचे काम. परंतु मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमाने आकाशात घिरट्या घालीत राहतात. पुढचे विमान चुकू नये म्हणून शहाणा प्रवासी हाताशी तीन-चार तास राखून ठेवतो. उलट, मुंबई सेंट्रलहून बडोदे लोहमार्गाने ३९२ किलोमीटर. २०२२ साली सुरू झालेली वंदे भारत गाडी सुमारे चार तासांत शहराच्या मध्यावरून शहराच्या मध्यावर नेऊन सोडते. तेव्हा मुंबईकराला विमानाने वाचणारा वेळ नाममात्रच!

गोमंतकीयाची गोष्ट निराळी. त्याचे बडोद्याशी नातेही जुने आहे. दाबोळीलगतच्या सांकवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींना सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपयांची वृत्ती दिली आणि बौद्ध धर्मावरील त्यांची व्याख्याने बडोद्यात करविली. ज्या काळी सांकवाळहून बडोद्यास पोहोचणे हे दिवसांचे काम होते, त्या काळी राजाश्रयाने हे अंतर मिटविले. आज त्याच सांकवाळच्या शेजारून विमाने उडतात. बडोद्यात तर २०२४ साली सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या जुळणीचा कारखाना उभा राहिला. विमाने बांधणाऱ्या या नगरीत आई अत्यवस्थ असल्याची वार्ता आली, तर मडगावच्या लेकीने अंत्यदर्शनास वेळेवर कसे पोहोचावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र तिकिटाच्या खिडकीवरील नशिबावर सोपविलेले आहे.

आमचे म्हणणे साधे आहे. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी उभे राहीपर्यंतची असते; प्रवाशाची वेळ घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते. विमान बदलावे लागत असेल तेथे एकूण प्रवासाचे तास भाड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापले जावेत. गोव्यास २०२३ पासून दोन विमानतळ लाभले आहेत. त्यांपैकी एकावरून तरी बडोद्याचे थेट विमान ठरल्या वारी, बारमाही सुटावे. आणि १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेवरून वसईमार्गे बडोद्यास जाणाऱ्या गाड्यांत तातडीच्या प्रवाशांसाठी गोव्याच्या वाट्याला पुरेशा जागा राखाव्यात. किलोमीटर मोजणे सोपे असते. राज्यकर्त्यांनी आता तास मोजावेत.