पत्ता बदलणे म्हणजे परवानगी देणे नव्हे

आयपी आवृत्ती ४ मधील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे अशा पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटींवर थांबते, आणि ती जगाला पुरणार नाही हे १९९० च्या दशकाच्या आरंभीच स्पष्ट झाले होते. त्यावरचा तात्पुरता उपाय म्हणून मे १९९४ मधील आरएफसी १६३१ या दस्तऐवजात एगेव्हांग आणि फ्रान्सिस यांनी ‘नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन’, म्हणजेच नॅट, ही पद्धत मांडली. अंतर्गत जाळ्यातील यंत्रांनी खासगी पत्ते वापरावेत आणि जाळ्याच्या सीमेवरील राउटरने ये-जा करणाऱ्या पॅकेटच्या शीर्षभागातील पत्ता बदलावा, असे तिचे स्वरूप आहे. नॅट म्हणजेच संरक्षण, हा आज सर्वत्र रुजलेला समज या इतिहासाशी जुळत नाही. उलट नॅटमुळे सुरक्षेचे पर्याय कमी होतात, कारण ज्या भागात पत्ता किंवा पत्त्यावरून काढलेली माहिती असते तो भाग कूटबद्ध करता येत नाही, अशी नोंद त्याच दस्तऐवजात आहे.

नॅटमागील यंत्रे बाहेरून सहज दिसत नाहीत हे खरे. पण त्याचे श्रेय पत्ता बदलण्याला नसून, आतून सुरू झालेल्या प्रत्येक जोडणीची जी नोंद यंत्रणा ठेवते तिला आहे. बाहेरून अनाहूत आलेल्या पॅकेटसाठी अशी नोंद नसते, म्हणून ते आत पोचत नाही. सर्व्हरच्या बाबतीत मात्र हे आच्छादन मुद्दामच बाजूला सारलेले असते, कारण बाहेरच्यांनी त्याच्यापर्यंत पोचावे हाच त्याचा उद्देश असतो. ४४३ क्रमांकाचे पोर्ट सर्व्हरकडे वळवले की त्या पोर्टावर येणारी प्रत्येक विनंती, चांगली वा वाईट, थेट वेब-सॉफ्टवेअरपर्यंत जाते. तेथे कोणाला येऊ द्यायचे हे फायरवॉलच्या नियमांनीच ठरवावे लागते.

दोन फायरवॉलींमागे सर्व्हर ठेवला की यातूनच पुढचा घोटाळा संभवतो. समजा, सर्व्हरचा खासगी पत्ता १९२.१६८.२०.१० आहे आणि बाहेरील फायरवॉल २०३.०.११३.१० या सार्वजनिक पत्त्यावर आलेली पॅकेटे त्याच्याकडे वळवते. या क्रियेत गंतव्य पत्ता बदलतो, म्हणून तिला डीनॅट म्हणतात. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र तसाच राहतो. त्यामुळे आतील फायरवॉलला सार्वजनिक पत्ता कधी दिसतच नाही, आणि तिच्यावर तो पत्ता घालून लिहिलेला परवानगीचा नियम निरुपयोगी ठरतो. बाहेरील फायरवॉलवरही नियमात कोणता पत्ता लिहायचा हे पत्ताबदल आणि गाळणी यांच्या क्रमावर अवलंबून असते. लिनक्सच्या नेटफिल्टरमध्ये डीनॅट मार्गनिवडीच्या आधी घडते आणि पुढे पाठवायच्या पॅकेटांची नेहमीची गाळणी त्यानंतर होते, म्हणून तेथे खासगी पत्ता लिहावा लागतो. सिस्कोच्या एएसए या फायरवॉलने तर ८.३ या आवृत्तीत ही रीतच बदलली: आधी प्रवेशनियमांत बदललेला पत्ता लिहीत, नंतर मूळ खासगी पत्ता. जुन्या पुस्तकातील आदेश नव्या यंत्रावर जसेच्या तसे उतरवण्यात धोका आहे तो यामुळेच.

परतीच्या वाटेसाठी स्वतंत्र नॅट-नियम लागतो असेही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जोडणीची नोंद असल्यामुळे उत्तराच्या पॅकेटावर उलटा बदल आपोआप होतो, मात्र ते उत्तर त्याच फायरवॉलमधून परत आले पाहिजे. सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे दुसऱ्याच राउटरकडे निर्देश करत असेल, तर उलटा बदल होत नाही, विचारणाऱ्याला अनोळखी पत्त्यावरून उत्तर येते आणि त्याचे यंत्र ते नाकारते. वाटेत दुसरी फायरवॉल असल्यास तिने जोडणीची सुरुवात पाहिलेली नसल्यामुळे ती ते उत्तर तेथेच टाकून देण्याचीही शक्यता असते. येथे पुष्कळ जण पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलून टाकतात, ज्याला एसनॅट किंवा मास्करेडिंग म्हणतात. जोडणी सुरू होते खरी, पण सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक भेट फायरवॉलच्याच पत्त्यावरून आलेली दिसू लागते आणि हल्ल्याच्या वेळी मूळ पत्ता शोधणे कठीण होते. गेटवे दुरुस्त करणे हाच येथे योग्य उपाय आहे.

एसनॅट खरोखर आवश्यक ठरते ती एक परिस्थिती वेगळी आहे. सर्व्हरच्याच उपजाळ्यातील संगणकाने सार्वजनिक पत्ता वापरला, तर फायरवॉल पॅकेट सर्व्हरकडे वळवते, पण विचारणारा शेजारीच असल्याचे पाहून सर्व्हर फायरवॉलला वगळून थेट उत्तर देतो आणि जोडणी जुळत नाही. अशा वेळी केवळ या अंतर्गत वाहतुकीपुरते एसनॅट लावतात, ज्याला हेअरपिन नॅट म्हणतात, किंवा आतील डीएनएसमधून सर्व्हरचा खासगी पत्ताच देतात. यांपैकी दुसरा मार्ग अधिक स्वच्छ होय.

घरगुती वा लहान कार्यालयाच्या जोडणीवर सर्व नियम अचूक असूनही सर्व्हर बाहेरून दिसत नाही, तेव्हा दोष राउटरला दिला जातो. तत्पूर्वी राउटरला बाहेरील बाजूस मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या टप्प्यात असेल, तर सेवा पुरवठादारच आपल्या पातळीवर आणखी एक नॅट चालवत आहे असे समजावे; एप्रिल २०१२ मधील आरएफसी ६५९८ ने हा टप्पा त्याच कामासाठी राखून ठेवला आहे. अशा जोडणीवर स्वतःच्या राउटरवरील डीनॅटचा उपयोग नसतो. तेव्हा पुरवठादाराकडून सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा सर्व्हरकडून बाहेरील एखाद्या यंत्राकडे बोगदा काढावा, किंवा आयपी आवृत्ती ६ वापरावी. या शेवटच्या पर्यायात पत्ता बदलावा लागत नाही, परंतु फायरवॉलचे नियम तितक्याच काळजीने लिहावे लागतात.