शस्त्रक्रियेपूर्वीचा शोध

मूत्राशयाचा कर्करोग स्नायूच्या थरात शिरला म्हणजे बहुधा संपूर्ण मूत्राशय काढावा लागतो. परंतु रोग आधीच लसीकाग्रंथी, फुप्फुसे वा अस्थी यांत पोचला असेल, तर केवळ एवढ्याने रोगमुक्ती होत नाही. म्हणून आधी शोध घ्यावयाचा.

सीटी स्कॅन ग्रंथींचा आकार दाखवितो. न वाढलेल्या ग्रंथीतील रोग त्यात निसटतो. पेट स्कॅनसाठी किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली शर्करा शिरेवाटे देतात. कर्कपेशी ती अधिक शोषतात व चित्रात उजळतात. या फ्लोरिनची क्रियाशीलता सुमारे 110 मिनिटांत निम्मी होते. ते फार दूरवरून आणून चालत नाही. याकरिता मुंबईत परळ येथे 2002 साली भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन उभारले गेले.

मात्र क्षयाच्या ग्रंथीही उजळतात. तेव्हा निर्णयापूर्वी ऊतकाचा नमुना तपासणे इष्ट होय.