प्रतिकृती आणि वन्यप्राण्यांची फसगत

दगड, लाकूड, काँक्रीट, कापड किंवा प्लास्टिक यांपासून बनवलेल्या प्रतिकृतीला सजीव समजून वन्यप्राणी अनेकदा तिच्याशी भांडतात, तिच्यापुढे प्रणयाराधन करतात किंवा तिला घाबरून दूर राहतात. पाहणाऱ्यास हे वर्तन विनोदी वाटते. प्राणी-वर्तनशास्त्रात मात्र अशी फसगत हे संशोधनाचे महत्त्वाचे साधन आहे, कारण प्राणी कोणत्या खुणांवरून आपला जोडीदार, शत्रू किंवा पिल्लू ओळखतो, हे तिच्यामुळे उलगडते. दुर्मिळ समुद्रपक्ष्यांच्या वसाहती पुन्हा वसवण्यासाठी आणि पिकांच्या राखणीसाठीही प्रतिकृतींचा उपयोग केला जातो.

प्राचीन उल्लेख

इ.स.पू. पाचव्या शतकातील ग्रीक शिल्पकार मायरन याने घडवलेली कांस्याची गाय प्राचीन काळी विलक्षण प्रसिद्ध होती. तिला खरी समजून वासरे दूध पिण्यास येतात, अशा आशयाची अनेक ग्रीक सुभाषिते उपलब्ध आहेत. रोमन लेखक थोरला प्लिनी याने झ्यूक्सिस या चित्रकाराची आख्यायिका दिली आहे. त्याने रंगवलेल्या द्राक्षांवर पक्षी चोच मारण्यास आले. परंतु प्रतिस्पर्धी पॅरेसियस याने रंगवलेला पडदा खरा समजून तो बाजूला करण्यास सांगताना स्वतः झ्यूक्सिसच फसला. या कथा कलावंताच्या कौशल्याची स्तुती करण्यासाठी रचलेल्या असून त्यांना निरीक्षणाचा पुरावा मानता येत नाही.

शिकारीसाठी प्रतिकृती वापरण्याची प्रथाही जुनी आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली लव्हाळ्यांपासून विणलेली बदके सापडली. सुमारे २,००० वर्षांपूर्वीची ही बदके पाण्यावर तरंगत ठेवून खऱ्या बदकांना जवळ आणले जात असे.

फसगतीची कारणे

प्राणी समोरच्या वस्तूचे सर्व तपशील तपासत नाही. रंग, आकार, हालचाल किंवा आवाज यांतील मोजक्या खुणा जुळल्या की ठराविक वर्तन सुरू होते. अशा खुणेस ‘संकेत-उद्दीपक’ म्हणतात. डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी स्टिकलबॅक या लहान माशावर केलेले प्रयोग याचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्रजननकाळात या जातीच्या नराचे पोट लाल होते आणि तो आपल्या हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नरावर हल्ला करतो. माशासारखी हुबेहूब, पण लाल रंग नसलेली प्रतिकृती पाहून नर फारसा चिडत नसे; उलट माशाशी फारसे साम्य नसलेल्या, परंतु खालची बाजू लाल असलेल्या ओबडधोबड तुकड्यावर तो जोराने तुटून पडे. खिडकीबाहेरून टपालखात्याची लाल गाडी गेली तरी काचपात्रातील नर तिच्या दिशेने धावत, अशीही टिनबर्गन यांची नोंद आहे. प्राणी-वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली कोनराड लोरेन्झ व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्रिटिश पक्षितज्ज्ञ डेव्हिड लॅक यांना रॉबिन पक्ष्यात असेच वर्तन आढळले. तो पेंढा भरलेल्या रॉबिनवर तर हल्ला करीच, पण नुसत्या लाल पिसांच्या झुबक्यासही धमकावी. एकदा पेंढा भरलेला पक्षी उचलून नेल्यानंतरही चिडलेला रॉबिन त्या रिकाम्या जागी चोची मारत राहिला.

काही वेळा प्रतिकृती मूळ वस्तूपेक्षाही प्रभावी ठरते. हेरिंग गल या कुरव पक्ष्याची पिल्ले अन्न मागण्यासाठी पालकांच्या चोचीवरील लाल ठिपक्यावर चोच मारतात. पांढरे पट्टे असलेली बारीक लाल काडी दाखवली असता पिल्लांनी पालकाच्या डोक्याच्या हुबेहूब प्रतिकृतीपेक्षा त्या काडीवर अधिक चोची मारल्या. अशा खुणेस ‘अधिसामान्य उद्दीपक’ असे म्हणतात.

या वर्तनाला मूर्खपणा म्हणणे योग्य नाही. निसर्गात काँक्रीटचे पक्षी नसतात. त्यामुळे मोजक्या खुणांवर विसंबून त्वरित निर्णय घेणे बहुतेक वेळा लाभदायकच ठरते.

उल्लेखनीय उदाहरणे

सेरेंगेटीतील सिंह: टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात पेटन वेस्ट व क्रेग पॅकर यांनी निरनिराळ्या आयाळी लावलेले पूर्णाकृती कापडी सिंह मांडून प्रयोग केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सिंहिणींनी गडद आयाळीच्या प्रतिकृतीस पसंती दिली, तर नर सिंहांनी गडद व लांब आयाळीच्या प्रतिकृतीजवळ जाणे टाळले.

राजस्थानातील वानरे: बीबीसीच्या २०१७ सालच्या एका मालिकेसाठी वानराच्या पिल्लाच्या रूपातील यांत्रिक कॅमेरा राजस्थानातील वानरांच्या टोळीत ठेवण्यात आला होता. एका वानराच्या हातून तो खाली पडून निश्चल झाल्यावर टोळीतील वानरे त्याच्याभोवती जमली व एकमेकांना बिलगली. हा शोक असल्याचे मालिकेत सांगितले गेले. तथापि केवळ चित्रणावरून प्राण्यांच्या भावनांविषयी ठाम विधान करता येत नाही.

सुंदरबनातील वाघ: वाघ सहसा पाठीमागून हल्ला करतो. म्हणून १९८० च्या दशकात सुंदरबनात जाणाऱ्या मध गोळा करणाऱ्यांना व लाकूडतोड्यांना डोक्याच्या मागे लावण्यासाठी माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे देण्यात आले. प्रारंभी त्यांचा चांगला उपयोग झाला, परंतु कालांतराने वाघ त्यांना सरावल्याचे दिसून आले.

पक्षिसंवर्धनातील उपयोग

वसाहतीने राहणारे समुद्रपक्षी जेथे आपल्या जातीचे इतर पक्षी दिसतात तेथेच घरटी करतात. त्यामुळे एकदा ओसाड झालेले बेट सुरक्षित झाले तरी आपोआप पुन्हा वसत नाही. अमेरिकेच्या मेन राज्यातील ईस्टर्न एग रॉक या बेटावरील पफिन पक्षी शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकात नाहीसे झाले होते. १९७३ पासून स्टीफन क्रेस यांनी न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणून तेथे वाढवली. मोठी होऊन समुद्रावर गेलेली पिल्ले परत यावीत म्हणून त्यांनी बेटावर लाकडी पफिन उभे केले. १९७७ मध्ये पक्षी परतू लागले आणि १९८१ मध्ये त्यांचे प्रजनन सुरू झाले. लाकडी पक्षी प्रतिसाद देत नसल्याने आलेल्या पफिनांचे कुतूहल ओसरत असे. यावर उपाय म्हणून तेथे आरसेही बसवण्यात आले.

जपानच्या तोरिशिमा या ज्वालामुखी बेटावर आखूड शेपटीच्या अल्बट्रॉस पक्ष्यांना अधिक सुरक्षित उतारावर आणण्यासाठी हिरोशी हासेगावा यांच्या प्रयत्नांतून प्रतिकृती व ध्वनिमुद्रित आवाज यांचा यशस्वी वापर झाला. मिडवे बेटांवरही हीच पद्धत योजली गेली आणि जानेवारी २०११ मध्ये तेथे या जातीचे पिल्लू जन्मले.

नायजेल

न्यूझीलंडमधील माना बेटावर गॅनेट पक्ष्यांची वसाहत व्हावी म्हणून काँक्रीटच्या ८० रंगवलेल्या प्रतिकृती मांडून ध्वनिवर्धकावरून गॅनेटचे आवाज ऐकवले जात होते. २०१५ साली तेथे आलेला एक नर पुढे ‘नायजेल’ या नावाने जगभर ओळखला गेला. त्याने एका काँक्रीटच्या मादीची निवड केली, तिच्यासाठी घरटे बांधले आणि तिच्याजवळच मुक्काम केला. ध्वनिवर्धकाच्या रचनेत बदल केल्यानंतर डिसेंबर २०१७ च्या सुमारास तीन खरे गॅनेट बेटावर आले. तरी नायजेलने आपली जागा सोडली नाही. २०१८ च्या प्रारंभी तो त्याच प्रतिकृतीजवळ मृतावस्थेत आढळला. आलेल्या पक्ष्यांना नायजेलच्या उपस्थितीचीही ओढ वाटली असावी, असे मानले जाते.

मर्यादा व धोके

निरुपद्रवी प्रतिकृतीचा प्रभाव फार काळ टिकत नाही. शेतातील बुजगावणे हे याचे परिचित उदाहरण आहे. ‘बुजणे’ या क्रियापदावरून त्यास हे नाव मिळाले. पण ते एकाच जागी स्थिर राहिल्यास काही दिवसांत पाखरे त्याला सरावतात आणि त्याच्याच खांद्यावर बसू लागतात. मराठीत केवळ देखाव्यापुरत्या, अधिकारशून्य व्यक्तीस बुजगावणे म्हणतात, ते याच अनुभवातून. जागा बदलणे, हालचाल किंवा आवाज यांची जोड देणे, या उपायांनी परिणाम काही काळ वाढवता येतो.

नकळत घडणारी फसगत अधिक गंभीर ठरू शकते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘ज्यूलोडिमॉर्फा’ प्रजातीच्या भुंगेऱ्याचे नर रस्त्याकडेला फेकलेल्या तपकिरी बिअरच्या बाटल्यांना मादी समजून त्यांच्याशी मीलनाचा प्रयत्न करतात. बाटलीचा रंग आणि तळाजवळील चकाकणारे उंचवटे मादीच्या पंखांची आठवण करून देतात. डॅरिल ग्विन व डेव्हिड रेन्ट्झ यांनी १९८३ साली या वर्तनाचे वर्णन केले. त्यासाठी त्यांना २०११ मध्ये विनोदी संशोधनासाठीचे ‘इग नोबेल’ पारितोषिक मिळाले. नर बाटली सोडत नाहीत. ते उन्हात होरपळतात किंवा मुंग्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. पूर्वी उपयुक्त असलेली खूण माणसाने बदललेल्या परिसरात घातक ठरते, तेव्हा त्यास ‘उत्क्रांतीय सापळा’ असे म्हणतात.