कामाशिवाय जावे असे नगरपालिका कार्यालय

नगरपालिकेच्या इमारतीत माणूस सहसा काहीतरी अडल्यावरच जातो. दाखला हवा असतो, घरपट्टी भरायची असते, नाहीतर तक्रार द्यायची असते. काम नसलेल्या नागरिकाला तिथे उभे राहायला जागाच ठेवलेली नसते. दर्शनी भाग कितीही सजवला, स्वागतकक्षात संगमरवर घातला, तरी यात फरक पडत नाही. कारण इमारत लोकांना आपली वाटते की नाही, हे बिनकामाच्या माणसाला आत काय मिळते यावर ठरते. जपानच्या नीगाता प्रांतातल्या नागाओका शहराने हे ओळखले आणि वास्तुविशारद केंगो कुमा यांच्याकडून ‘आओरे नागाओका’ ही इमारत बांधून घेतली. ती 2012 मध्ये खुली झाली.

इमारतीच्या मध्यभागी छप्पर असलेले मोठे अंगण आहे. त्याचे नाव ‘नाकादोमा’. जुन्या जपानी शेतघरांत ‘दोमा’ म्हणून मातीच्या जमिनीचा भाग असे. तिथे पादत्राणे न काढता येता येई, कामे चालत, शेजारी टेकत, आपल्या ओसरीसारखेच. कुमांनी हा घरगुती भाग शहराच्या मापाचा केला. भोवती कार्यालये, क्रीडागृह आणि सभागृह आहे, आणि भिंतींवर ‘सुगी’ या जपानी सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या फळ्या चौकटीच्या नक्षीसारख्या लावल्या आहेत. नागाओकात हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडतो. उघडा चौक तिथे कित्येक आठवडे निरुपयोगी ठरला असता. म्हणून हे छप्पर ही चैन नव्हे, अंगण वापरात राहण्याची ती पहिली अट आहे. इमारत रेल्वे स्थानकाला छत असलेल्या पादचारी पुलाने जोडली आहे, त्यामुळे घरी परतणारा प्रवासी किंवा विद्यार्थी सहज आत वळू शकतो.

मला सर्वांत धीट वाटतो तो सभागृहाबद्दलचा निर्णय. नगरसभा सहसा वरच्या मजल्यावर, जाड दारांआड भरते. इथे ती तळमजल्यावर आहे आणि अंगणाच्या बाजूची तिची भिंत काचेची आहे. काच लावल्याने कारभार पारदर्शक होतो का, हा आक्षेप रास्त आहे. होत नाही. निर्णय आधीच बंद खोलीत झालेला असू शकतो. पण वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षक सज्जात जायला आधी तसे ठरवावे लागते. इथे सभा रोजच्या वाटेवर आहे. शहराचा कारभार करणारी माणसे कुठे बसतात, हे इथल्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही. पारदर्शकतेसाठी कायदा लागतोच, पण कुतूहल जागे करायला ही काच पुरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सगळे विभाग या इमारतीत मावत नाहीत. काही जवळपासच्या इतर इमारतींत ठेवले आहेत. मध्यवस्तीत वर्दळ राहावी हा त्यामागचा हेतू. पण बर्फात एका इमारतीतून दुसरीत जाणाऱ्या वृद्धांचे काय? हा तोटा खरा आहे, आणि विभाग विखुरताना सामान्य कामे एकाच ठिकाणी उरकतील अशी खिडकी ठेवली, तरच तो सोसण्याजोगा राहतो.

आता दाखले मोबाइलवर मिळतात, मग एवढी इमारत कशाला, असेही विचारले जाईल. माझ्या मते खिडकीपुढची रांग घटली की मोकळी होणारी जागा अंगणाला द्यावी. नव्या कार्यालयाचा आराखडा काढताना आधी अंगण आणि सभागृह कुठे हे ठरवावे, अधिकाऱ्यांची दालने उरलेल्या जागेत बसवावीत.