नळी कशाची, आणि किती लांब

घरच्या प्रयोगशाळेसाठी नळी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की सगळ्या रसायनांना टिकणारी कोणती? तशी एक आहे, टेफ्लॉनची. जवळजवळ काहीच तिला खात नाही. पण ती ताठ असते, जरा जास्त वाकवली की मुडपते आणि काचेच्या तोंडावर घट्ट बसत नाही. रसायनाला पुरून उरलेली नळी मग सांध्यावर हरते. उलट मऊ रबर सांध्याला छान चिकटते आणि रसायनापुढे हात टेकते. त्यामुळे नळी घरासाठी एकदाच घ्यायची नसते, त्या त्या कामासाठी घ्यायची असते.

पवन मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसांकडे पाहिले तरी हे पटेल. ठिबकच्या पाण्याचा सामू उतरवायला आणि ड्रिपरमध्ये साठलेला क्षार काढायला पाण्यात आम्ल सोडावे लागते. व्हेंच्युरीने ते कॅनमधून ओढायचे, तर ओढनळीच्या सांध्यातून हवा शिरली की ओढ मंदावते. नळी आम्लाला कितीही टिकणारी असो. ठिबकच्या दुकानातली पॉलिथिलिनची मायक्रोट्यूब विरळ आम्लांना आणि अल्कलींना उत्तम टिकते, आणि महागही नाही. गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पारदर्शक पीव्हीसीची नळीही कंडेन्सरच्या थंड पाण्याला पुरते. मात्र तिचा मऊपणा आत मिसळलेल्या प्लास्टिसायझरचा असतो. ॲसिटोन तो धुऊन नेतो. नळी आधी फुगते आणि वाळल्यावर कडक होते. नळी गेल्याचे दुःख नाही, पण धुतला गेलेला प्लास्टिसायझर द्रावणात उतरतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

मग सिलिकॉन का नको, असे विचारले जाईल. दोनशे अंशांपर्यंतची उष्णता ते सोसते, मऊही राहते. पण तीव्र आम्ल त्याला खाते, पेट्रोल-हेक्झेनमध्ये ते फुगते, आणि वायू व बाष्प त्याच्या भिंतीतून सहज आरपार जातात. कोरड्या गावी हा दोष खपून जाईल. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या लोणावळ्यात, आषाढात, कॅल्शियम क्लोराइडमधून हवा कोरडी करायची आणि पुढे ती हातभर सिलिकॉनच्या नळीतून न्यायची, म्हणजे केलेले काम तिथेच पुन्हा ओले करणे. किंमत पाहून निवडावे तर तोही भरवसा नाही. महागडे व्हायटन पेट्रोल आणि टोल्युइनला टिकते, पण ॲसिटोनमध्ये फुगून बिघडते. त्याहून बरेच स्वस्त ईपीडीएम ॲसिटोनला तोंड देते आणि पेट्रोलपुढे निकामी होते.

कंपन्यांचे तक्ते आहेत की, असे कोणी म्हणेल. आहेत, आणि नको ते वगळायला कामाचेही आहेत. पण तक्त्यातला 'उत्तम' हा शेरा ठरावीक तापमान आणि तीव्रतेपुरता असतो, आणि एकाच नावाच्या रबरात प्रत्येक कारखान्याची भर वेगळी. म्हणून नळीचा तुकडा तोलून, लांबी मोजून, झाकणाच्या बाटलीत त्याच रसायनात आठवडाभर बुडवावा. मग पुसून पुन्हा तोलावा. वजन वाढले तर तो रसायन शोषतो आहे, घटले तर त्यातले काही द्रावणात गेले आहे. द्रावणाचा रंग बदलला तर वजनाची वाटही पाहू नये.

आणखी एक बचत लांबीत आहे. तळेगावात पैसा फंडाचा काचकारखाना १९०८ साली उभा राहिला, त्या काळातल्या प्रयोगशाळांची रीत अशी की वाट काचेच्या नळीने काढायची, दोन काचांची टोके एकमेकांना भिडवायची आणि वरून रबराचा आखूड तुकडा चढवायचा. रबराला रसायन लागते ते फक्त फटीपुरते. तुकडा कडक झाला की कापून नवा बसवायचा.

बर्नरच्या एलपीजीला मात्र यातले काहीच लावू नये. तिथे आयएस ९५७३ची खूण असलेली 'सुरक्षा' नळीच हवी, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की ती चांगली दिसत असली तरी बदलावी.